जुनं म्हणजे कधीचं?

लातूरच्या एमआयडीसीत सोयाबीनचं तेल काढणारा एक कारखाना आहे. त्याच्या ऑफिसात विशाखा सोनकांबळे संगणकावर बसायची. कारखान्याचं नाव मी सांगणार नाही. मी वकील आहे आणि मला उद्याही याच गावात काळा कोट घालून फिरायचं आहे. भित्रा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

विशाखा चाकूरची. वडील गवंडीकामाला जायचे, आई पार्वतीबाई अंगणवाडीत मदतनीस. पोरीनं बी.कॉम. केलं, एमएस-सीआयटी केली, टायपिंगच्या दोन्ही परीक्षा दिल्या आणि कारखान्यात लागली. रोज सकाळच्या एसटीनं लातूरला यायचं आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायचं. तिच्या टेबलावर कधी कागद पसरलेला नसे. पेन पेनाच्या जागी, स्टेपलर स्टेपलरच्या जागी. एखाद्यानं चहाचा कप तिच्या टेबलावर ठेवला तर ती काही बोलायची नाही, उठून तो खिडकीत नेऊन ठेवायची. लोक हसायचे, ‘मॅडमच्या टेबलावर माशी बसली तरी घसरून पडंल’ म्हणायचे.

या टापटिपीचं कारण तिनं मला एकदा सांगितलं. म्हणाली, “वकीलसाहेब, दुसऱ्याचं टेबल घाण असलं तर लोक म्हणतात, काम लई असंल. माझं घाण असलं तर काय म्हणतील, ते तुमाला सांगायला पायजे का?” सांगायला नको होतं. या जिल्ह्यात राहणाऱ्या कुणालाच ते सांगायला नको.

आता कारखान्याचा कारभार ऐका, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. मालक नांदेडला, कारखाना लातूरला. दोन्ही ऑफिसांत मिळून ईमेल एक. फुकटातला. पासवर्डही एकच, मालकाच्या थोरल्या मुलाच्या नावाचा. लातूरहून नांदेडला काही कळवायचं असलं की विशाखा त्याच पत्त्यावरून त्याच पत्त्यावर मेल टाकायची आणि नांदेडला बसलेला माणूस तीच पेटी उघडून वाचायचा. उत्तरही त्याच वाटेनं यायचं. डाव्या हातानं चिठ्ठी लिहून उजव्या हातात द्यावी, तशातला प्रकार. करोडोंची उलाढाल असलेला माणूस दोन ईमेल घेत नाही, कारण एकात भागतंय ना! भागतंय, या एका शब्दावर आमचे अर्धे उद्योग चालतात.

भागत नव्हतंच म्हणा. पेटी सारखी भरायची. ट्रकांचे फोटो, वजनकाट्याच्या पावत्या, लॅबचे रिपोर्ट, आणि या सगळ्यांवर मालकाच्या मेव्हण्यानं रोज सकाळी पाठवलेले गुलाबाच्या फुलांचे सुप्रभात. पेटी भरली की नवीन मेल येणं बंद. मग नांदेडहून फोन यायचा, आणि तो विशाखावर खेकसायचा.

नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी तिनं मॅनेजरला विचारलं होतं. मॅनेजर गुरुपादप्पा, निलंग्याकडचे, बोलायला गोड माणूस. तिनं विचारलं, “साहेब, यातलं काय ठेवायचं अन् काय काढायचं?”

“जुनं असंल ते काढा की मॅडम.”

“जुनं म्हणजे कधीचं?”

गुरुपादप्पा तेव्हा फोनवर कुणाशी तरी सोयाबीनच्या भावाचं बोलत होते. फोनवर हात ठेवून म्हणाले, “तुमी शिकलेल्या हाव. तुमाला कळतंय.”

झालं. यापुढे त्या कारखान्यात या विषयावर कुणीही, कधीही, एक वाक्य बोललं नाही. मालक बोलला नाही, सीए बोलला नाही, त्यांचा वकील बोलला नाही. जुनं म्हणजे कधीचं, हे महिन्याच्या पगारावर राबणाऱ्या एका पोरीनं आपलं आपण ठरवावं, असं सगळ्यांनी न ठरवता ठरवून टाकलं.

तिनं ठरवलं. सोयाबीनच्या धंद्यात वर्ष जानेवारीला सुरू होत नाही आणि मार्चलाही संपत नाही. दसऱ्याला नवा माल बाजारात येतो, बॉयलर पेटतो, ट्रकांच्या रांगा लागतात. म्हणून वर्ष दसऱ्यापासून दसऱ्यापर्यंत. दसऱ्याच्या आधीचं ते मागच्या सीझनचं, म्हणजे जुनं. विचार चुकीचा म्हणता येत नाही. त्या कारखान्यातला हमालसुद्धा असाच हिशेब करतो.

शिवाय खंडेनवमीला तिथं यंत्रांची पूजा असते. त्याआधी सगळं धुऊन पुसून काढतात. चाळण्या धुतात, काटा धुतात, बॉयलरला रंगाचा हात मारतात. ऑफिसातल्या संगणकालाही हळदीकुंकू लागतं, वर झेंडूची माळ पडते. त्याची सफाई विशाखाकडे. ती कीबोर्ड उलटा करून झटकायची, पडदा पुसायची, तारा मोकळ्या करायची आणि मग पेटी उघडून सगळं निवडून काढून टाकायची. आलेलंही आणि पाठवलेलंही. काढून टाकलेलं ज्या कचऱ्याच्या कप्प्यात जातं तो कप्पाही रिकामा करायची, कारण कचरा तसाच ठेवून केलेल्या सफाईला ती सफाई मानत नव्हती. हे अष्टमीपर्यंत उरकायचं आणि रजा टाकून घरच्यांबरोबर नागपूरला, दीक्षाभूमीवर जायचं, हा तिचा दरवर्षीचा नेम. पूजेला ती कधीच नसायची.

“पूजा त्यांची, साफसफाई माझी,” असं ती म्हणाली होती. हसून म्हणाली, पण मला ते हसू ऐकवलं नाही.

रामलिंग त्याच कारखान्यात बॉयलरवर होता. शिरूर अनंतपाळजवळच्या एका खेड्यातला. जाडसर, कमी बोलणारा, कपाळाला भस्म लावून येणारा माणूस. विशाखा त्याला काका म्हणायची, तो तिला ताई. सीझनआधी बॉयलर पेटवून बघतात, तेव्हा त्याला दोन गोष्टी दिसल्या. आत पाणी किती आहे हे ज्या काचेच्या नळीतून कळतं ती नळी गळत होती, त्यामुळे पातळी धड दिसत नव्हती. आणि पाणी कमी झालं की जो भोंगा वाजायला हवा, तो वाजत नव्हता. बॉयलरमधलं पाणी संपून आग चालू राहिली तर काय होतं, हे त्या धंद्यातल्या पोरासोरालाही माहीत असतं.

त्यानं गुरुपादप्पांना तोंडी सांगितलं. ते म्हणाले, बघू. मग तो ऑफिसात आला.

“ताई, मालकाला लिवा. काच गळायलीय, पाणी दिसंना. भोंगा बी वाजंना. असं चालवनं बरं न्हाई, म्हनून लिवा. माजं नाव घालून लिवा.”

तिनं लिहिलं. त्यानं ते वाचून दाखवायला लावलं आणि म्हणाला, “भीती वाटायलीय, हे बी घाला.” तिनं तेही घातलं. कारखान्याच्या मेलमध्ये भीती हा शब्द त्याआधी कधी आला नसेल.

दुसऱ्या दिवशी नांदेडहून उत्तर आलं, एका ओळीचं. सीझन तोंडावर आहे, आत्ता बॉयलर उघडता येणार नाही, सीझन झाल्यावर काम काढू, चालवा. विशाखानं ते रामलिंगला वाचून दाखवलं. तो मान हलवून ‘हाव’ म्हणाला आणि गेला. त्यानं नोकरी का सोडली नाही, असं मला एका शहाण्यानं विचारलं. त्या शहाण्याला मी चहासुद्धा विचारला नाही.

मग अष्टमी आली. विशाखानं पेटी रिकामी केली. रामलिंगचा मेल गेला, नांदेडचं उत्तर गेलं, गुलाबाची फुलंही गेली. पेटी एकच असल्यामुळे लातूरला पुसलं ते नांदेडलाही पुसलं गेलं. वाईट हेतूचा लवलेशही नव्हता त्यात. ती नागपूरला गेली, आली, आणि सीझन सुरू झाला.

सीझन ऐन भरात असताना, भर दुपारी बॉयलर फुटला. रामलिंग तिथंच होता. दवाखान्यात नेईपर्यंत तो शुद्धीवर होता आणि बायकोला बोलवा म्हणत होता. तारामती शिरूरहून पोचली तेव्हा तो गेलेला होता. यापेक्षा जास्त मी त्या दुपारबद्दल लिहू शकत नाही. फोटो मी पाहिले आहेत, ते माझ्या डोक्यातून जात नाहीत.

आता गंमत बघा, गंमत म्हणायची जीभ होत नाही तरी. पहिल्यांदा पेटी धुंडाळायला बसले ते खुद्द गुरुपादप्पा. सरकारी खात्याचे लोक चौकशीला आले होते आणि बॉयलरची देखभाल कधी केली, मिस्त्रीला कधी बोलावलं, त्याचा पत्रव्यवहार दाखवा म्हणत होते. गुरुपादप्पांचं म्हणणं, मागच्या उन्हाळ्यात मिस्त्री येऊन गेला, त्याला आपणच मेल टाकला होता. कदाचित खरंही असेल. पण पेटीत दसऱ्याच्या आधीचं काहीच नव्हतं. मिस्त्रीला बोलावल्याचं नाही, त्याचं बिल नाही, काही नाही. कारखान्याकडे स्वतःच्या बाजूचासुद्धा कागद नव्हता.

तेव्हा मालक नांदेडहून आला. बंद दाराआड बैठक झाली. बाहेर आल्यावर गुरुपादप्पांचा चेहरा शांत होता. पेटीत आपल्याला वाचवणारं काही नसेल तर आपल्याला बुडवणारंही काही नाही, हे एव्हाना त्यांच्या ध्यानात आलेलं असावं. सरकारी लोकांच्या हातीही दुसरा कागद लागला नाही, आणि कंपनीच्या चौकशीचा अहवाल निघाला. त्यात लिहिलं होतं की बॉयलर सुस्थितीत होता, कोणतीही तक्रार आलेली नव्हती, मयत रामलिंग यांनी पाण्याची पातळी तपासण्यात निष्काळजीपणा केला आणि अपघात घडला. पोलिसांनी त्याच अहवालावर बोट ठेवून केस बंद करायची परवानगी कोर्टाकडे मागितली. मेलेला माणूस हरकत घेत नाही, हे पोलिसांनाही माहीत असतं.

हरकत घ्यायला तारामती माझ्याकडे आली. सोबत थोरली मुलगी साक्षी होती, लातूरला नर्सिंग शिकणारी. नुकसानभरपाई कायद्यानं मिळायची ती मिळाली होती, त्यासाठी ती आलीच नव्हती. ती म्हणाली, “साहेब, गावात म्हनायलेत, बॉयलरवर झोपला व्हता म्हनून मेला. ह्या पोरीच्या कालेजात बी कुनी तरी म्हनलं. त्यो झोपनारा मानूस नव्हता. ते कागदावरचं तेवढं काडा. दुसरं मला काय नगं.”

एवढंच तिचं मागणं होतं. रामलिंगच्या नावापुढचा निष्काळजीपणा हा शब्द काढायचा.

ती पुढे म्हणाली, त्यानं ऑफिसातल्या बाईकडून लिहून घेतलं होतं, घरी येऊन सांगितलं होतं. मी विशाखाला निरोप धाडला. मला वाटलं येणार नाही, नोकरीवरच्या माणसाला दहा वेळा विचार करावा लागतो. पण ती त्याच संध्याकाळी आली. समोरच्या खुर्चीत ताठ बसली आणि काय घडलं ते सुरुवातीपासून सांगितलं. मेलमधला शब्द न शब्द तिला पाठ होता, भीतीसकट. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून अर्धा उठलोच.

“मग तो मेल दे ना मला!”

“काढला.”

“कुठून काढला?”

“पेटीतून. दसऱ्याच्या सफाईत. कचऱ्यातून बी काढला.”

मी टेबलावर हात आपटला, तिच्यावर नव्हे, पण ती दचकली. मग मला जे बोलायचं होतं ते तिला बोलून काय उपयोग होता? ते बोलायला हवं होतं नांदेडच्या मालकाला. अरे, काय ठेवायचं, किती वर्षं ठेवायचं आणि काढायचं तर कुणाच्या सहीनं, एवढं एका कागदावर लिहायला तुला किती वेळ लागला असता? आणि काही विपरीत घडलं की पुसणं त्या क्षणी थांबवायचं, ही एक ओळ त्याखाली. चांगला कारखानदार हे स्वतःला वाचवण्यासाठी करतो, कामगारासाठी नव्हे. प्रत्येक मेल जन्मभर जपावा असं कुणीच म्हणत नाही, ती गुलाबाची फुलं खुशाल जाऊ देत. पण कारखान्यात कोण काय बोललं यातलं काय आठवणीत राहावं, हे सफाईच्या दिवशी सफाई करणाऱ्यावर सोडायचं? आणि मग बोटही तिच्याकडेच दाखवायचं?

मी धावपळ केली. ईमेल चालवणाऱ्या परदेशी कंपनीला पोलिसांमार्फत पत्र गेलं. उत्तर आलं की कचऱ्याच्या कप्प्यातूनही काढलेलं आता त्यांच्याकडे नाही. राहिली एकटी विशाखा. तिला मी स्पष्ट सांगितलं, “कोर्टात उभी राहिलीस तर मेल पुसल्याचंही तुला सांगावं लागेल. नोकरी जाईल, आणि त्याचा उपयोग होईलच असं नाही.”

ती म्हणाली, “काकांनी माझ्यावर भरवसा ठेवून लिहून घेतलं. मी सांगते.”

कोर्टात प्रश्न न्यायाधीशांनीच विचारले. माणूस सज्जन होता, आवाज चढवला नाही. मेल काढायला कुणी सांगितलं? कुणी नाही. काढायचा काही लेखी नियम होता? नाही. ठेवायचा? तोही नाही. मग असा मेल होता, याला आधार काय? विशाखा म्हणाली, “मी आहे ना साहेब. मी लिहिला.”

न्यायाधीशांनी तेही लिहून घेतलं. गुरुपादप्पांनी पोलिसांच्या जबाबात ‘असा मेल आल्याचे स्मरत नाही’ असं लिहून दिलं होतं. माणूस दर सोमवारी उपास करतो, पण स्मरत नाही. निकाल विरुद्ध गेला. एका कर्मचाऱ्याच्या नुसत्या आठवणीवर, तीही तो मेल स्वतःच नष्ट केल्याचं सांगते अशा कर्मचाऱ्याच्या, पुढे जाता येत नाही. केस बंद करायचा पोलिसांचा अहवाल मंजूर. न्यायाधीशांच्या जागी मी असतो तर मीही दुसरं काही लिहू शकलो नसतो, आणि याचीच मला चीड येते.

बाहेर व्हरांड्यात तारामती विशाखासमोर उभी राहिली. रडत नव्हती. म्हणाली, “किती दिले गं तुला? का फुकट पुसलंस?” साक्षी आईचा हात ओढत होती. मी मध्ये पडून सांगायला लागलो की ही पोरगी खरं बोलली, तुमच्यासाठी उभी राहिली. तारामतीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नवऱ्याचा शेवटचा शब्द जिच्या हातात होता, तिच्या हातून तो गेला. तिला एवढंच दिसत होतं. विशाखा खाली मान घालून उभी राहिली, ओरडा ऐकणाऱ्या पोरासारखी.

महिन्याभरात कारखान्यानं तिला काढलं. आरोप, कंपनीचं दप्तर परवानगीविना नष्ट केलं. पुरावा, तिचीच कोर्टातली साक्ष. असा मेल कधी आलाच नाही म्हणणाऱ्यांनी तो मेल पुसला म्हणून तिला घरी बसवलं. नोटीस देताना गुरुपादप्पा म्हणाले, “मी काय करू मॅडम, वरून हुकूम आलाय.” ती नोटीस घेऊन माझ्याकडे आली तेव्हा ती पहिल्यांदा रडली. तिला नोकरीचं दुःख होतंच, पण तिला जास्त लागला होता तो शब्द. नष्ट केलं. “मी घाण ठेवली न्हाई हो साहेब कधी,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिची केस मी चालवतोय. ती सध्या चाकूरला एका झेरॉक्सच्या दुकानात बसते.

आता शेवटचं. परवा तिच्या केसमध्ये कारखान्यानं उत्तर दाखल केलं, त्याला एक नवं कागदपत्र जोडलं होतं. कारखान्याला आता ईमेलचा नियम आहे! त्यांचा माल घेणाऱ्या एका बड्या कंपनीनं अट घातली, म्हणून पुण्याहून सल्लागार आणून करून घेतला. नियम उत्तम आहे, मी दोनदा वाचला. व्यवहाराचे मेल आठ वर्षं. फुलाफळांचे महिन्यात बाद. लेखी परवानगीशिवाय कुणीही काही पुसायचं नाही. सगळ्याची एक प्रत कारखान्याबाहेर वेगळी राहणार, तिथं कुणाचाच हात पोचणार नाही. आणि अपघातासंबंधीचं सगळं कायमचं जपायचं. खाली नोंद होती की अपघातांच्या कप्प्यात पहिला कागद दाखल झाला आहे, रामलिंगच्या मृत्यूचा चौकशी अहवाल.

त्या दिवशी विशाखा हे उत्तर बघायला आली होती, आणि तारामती निकालाची नक्कल न्यायला. दोघी माझ्या ऑफिसातल्या एकाच बाकावर बसल्या होत्या, मध्ये दोन माणसं बसतील एवढं अंतर ठेवून. मला राहवलं नाही. त्या कागदाचा अर्थ मी मोठ्यानं सांगितला, संतापानं सांगितला. सांगून झाल्यावर वाटलं, गप्प बसायला हवं होतं.

तारामतीनं ऐकून घेतलं. मग ती पहिल्यांदा विशाखाकडे वळली. कोर्टातला आवाज नव्हता तो.

“बाई, तुला त्यातलं कळतं. त्येंनी ह्येंच्यावर लिवलेलं ते, झोपल्यावानी, बेफिकीर व्हता म्हनून. ते तरी पुसता येतं का गं?”

विशाखानं माझ्या हातातला कागद घेऊन खालची नोंद वाचली. मग म्हणाली, “न्हाई काकू. आता ते कुणालाच पुसता येत न्हाई.”

तारामतीनं मान हलवली, नक्कल पिशवीत घातली आणि शिरूरची गाडी गाठायला निघून गेली.